जुन्या मदरबोर्डवर नवं ग्राफिक्स कार्ड : घेण्याआधी काय तपासायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात कुठल्याही काउंटरवर उभं राहा. दर पाच-दहा मिनिटांनी कुणीतरी खिशातून मोबाइल काढतो, आपल्या मदरबोर्डचा फोटो दाखवतो आणि विचारतो, ‘‘हे कार्ड याला चालेल ना?’’ पलीकडून उत्तर येतं, ‘‘चालेल की!’’ हे उत्तर खोटंही नसतं. पण त्या ‘चालेल’मध्ये तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. कार्ड स्लॉटमध्ये बसेल का? बसल्यावर डिस्प्ले येईल का? आणि डिस्प्ले आल्यावर ज्या वेगासाठी पैसे मोजले तो वेग मिळेल का?

पहिल्याचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ असतं. नवखे लोक काळजी मात्र त्याचीच करतात आणि उरलेले दोन प्रश्न कार्ड घरी आणल्यावर उभे राहतात. म्हणून पहिला प्रश्न आधीच मिटवून टाकू.

स्लॉटची भीती

ही भीती आली कुठून, ते एजीपीचा काळ पाहिलेल्यांना माहीत आहे. एजीपी हा ग्राफिक्स कार्डाचा जुना स्लॉट १९९७च्या सुमारास आला. त्यात ३.३ व्होल्टची कार्डं वेगळी, १.५ व्होल्टची वेगळी, आणि चुकीचं कार्ड घुसू नये म्हणून खाचाही वेगवेगळ्या जागी. मग २००४मध्ये पीसीआय एक्सप्रेस या नव्या, आजही चालणाऱ्या स्लॉटचे बोर्ड बाजारात आले आणि एजीपीची चांगली चालती कार्डं नव्या बोर्डासाठी एका फटक्यात निरुपयोगी ठरली. ज्याने तेव्हा पैसे घातले होते तो आजही स्लॉटचं नाव काढलं की सावध होतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

पण त्यानंतरच्या वीस वर्षांत स्लॉटचा आकार बदललेला नाही. पीसीआय एक्सप्रेसची २.० आवृत्ती २००७मध्ये आली, ३.० ही २०१०मध्ये, ४.० ही २०१७मध्ये आणि ५.० ही २०१९मध्ये. त्यापुढच्या ६.० आणि ७.० आवृत्त्यांचे नियमही अनुक्रमे २०२२ आणि २०२५मध्ये जाहीर झाले. नवी आवृत्ती जुन्याशी जुळलीच पाहिजे, हा दंडक प्रत्येक वेळी पाळला गेला. ६.० मध्ये सिग्नल पाठवायची पद्धतच बदलली, तरी जुन्या पद्धतीने बोलण्याची सोय कायम ठेवली आहे.

हे जमतं कसं, तेही सोपं आहे. पीसी चालू होताना कार्ड आणि स्लॉट दोघंही सगळ्यात जुन्या, सगळ्यात हळू वेगाने बोलायला सुरुवात करतात. मग एकमेकांना विचारत विचारत दोघांना झेपेल अशा वरच्या वेगावर जाऊन थांबतात. कार्ड ५.० चं आणि बोर्ड ३.० चा असेल, तर बोलणं ३.० वर ठरतं. भांडण नाही, एररही नाही. म्हणजे कार्ड बसेल. आता पुढचं.

पायरी १ : आपल्याकडे काय आहे ते ओळखा

विंडोजच्या स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा. त्या एकाच पानावर प्रोसेसरचं नाव, बोर्डचं मॉडेल आणि ‘बायोस मोड’ अशी एक ओळ मिळते. तिन्ही गोष्टी कागदावर लिहून घ्या. बायोस म्हणजे पीसी चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा बोर्डातला प्रोग्राम. त्याच्या मोडची ओळ पुढे लागणार आहे, ती गाळू नका.

बोर्डचं मॉडेल कळलं की स्लॉट कुठल्या आवृत्तीचा ते कंपनीच्या पानावर सापडतं. पण एवढ्यावर थांबू नका, कारण ग्राफिक्स कार्डचा मुख्य स्लॉट हल्ली थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. बोर्ड एक सांगतो आणि प्रोसेसर दुसरंच देतो, असं बऱ्याचदा होतं. आपल्याकडे घरोघरी दिसणारी उदाहरणं घ्या. एएमडीच्या बी५५० बोर्डावर रायझन ५ ५६०० लावला तर स्लॉट ४.० ने चालतो. त्याच बोर्डावर रायझन ५ ५६००जी लावला तर ३.०. नावात एका अक्षराचा फरक, वेग अर्धा. रायझन ५ ५५०० चीही हीच गत, तोही ३.० चाच. जुने २२००जी आणि ३४००जी तर कार्डला १६ ऐवजी ८च लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, देतात.

इंटेलकडे उलट्या गमती आहेत. एच८१ बोर्डावर चौथ्या पिढीचा आय५ लावलात, तर प्रोसेसरला ३.० येत असूनही बोर्ड त्याला २.० वर अडवून ठेवतो. एच५१० बोर्डावर दहाव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर स्लॉट ३.० आणि अकराव्या पिढीचा असेल तर ४.०. एएमडीचे ए३२०, बी४५० आणि ए५२० हे तिन्ही चिपसेट (बोर्डाची मुख्य चिप) ३.० चे, प्रोसेसर कितीही नवा लावला तरी.

पायरी २ : कार्डाच्या लेन मोजा

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून इथे जरा रेंगाळू.

लेन म्हणजे रस्त्याच्या लेनसारखंच प्रकरण. लांब स्लॉटमध्ये १६ लेन मावतात. आवृत्ती म्हणजे एका लेनवरची वेगमर्यादा. १.० ला एका लेनमधून सेकंदाला २५० एमबी जातात, २.० ला ५०० एमबी, ३.० ला जवळजवळ १ जीबी, ४.० ला २ आणि ५.० ला ४. म्हणजे ३.० च्या १६ लेन मिळून सुमारे १६ जीबी.

कार्ड दिसायला लांब स्लॉटचं असलं, तरी त्यातल्या सगळ्या लेन ते वापरतंच असं नाही. मधल्या आणि खालच्या किमतीच्या कार्डांवर कंपन्या हल्ली लेन वाचवतात. एनव्हिडियाची आरटीएक्स ४०६०, ५०५०, ५०६० आणि ५०६० टीआय, एएमडीची आरएक्स ६६०० आणि ७६००, इंटेलचं आर्क बी५८० ही सगळी ८ लेनची कार्डं आहेत. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी तर चारच लेनवर भागवतात.

नव्या बोर्डावर याचा काही त्रास नाही. ५.० च्या ८ लेन म्हणजे ३२ जीबी, भरपूर झाले. पण तेच कार्ड ३.० च्या बोर्डावर आणलं की लेन ८च राहतात आणि वेगमर्यादा खाली येते : ८ जीबी. एच८१ सारख्या २.० च्या बोर्डावर ४ जीबी. आणि चार लेनचं ६५०० एक्सटी तिथे लावलं, तर फक्त २ जीबी. हे कार्ड २०२२मध्ये आलं तेव्हा ३.० च्या बोर्डांवर ते इतकं अडखळलं, की स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडेच जुना बोर्ड असतो हे कंपनीला कुणी सांगितलं नव्हतं की काय, असं वाटावं.

मग सेकंदाला ८ जीबी कमी आहेत का? रोजच्या खेळण्यात फारसा फरक जाणवत नाही, कारण गेमचं बहुतेक सामान कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत असतं. तिचा वेग बघा : ५०६० ची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी हलवते. जोवर सगळं तिथे मावतं, तोवर स्लॉटला फार काम नसतं. ती भरली की उरलेलं सामान पीसीच्या रॅममध्ये जातं आणि दर फ्रेमला या स्लॉटच्या गल्लीतून ये-जा सुरू होते. ४४८ च्या हायवेवरून ८ च्या गल्लीत. गेम मधेच अडकून अडकून चालतो तो इथे.

म्हणून माझा सल्ला असा. बोर्ड ३.० चा असेल, तर ८ लेनचं आणि ८ जीबी मेमरीचं कार्ड टाळा किंवा टेक्सचर सेटिंग खाली ठेवायची तयारी ठेवा. ५०६० टीआय घ्यायचंच असेल तर १६ जीबीचं घ्या. आरएक्स ९०६० एक्सटीला पूर्ण १६ लेन आहेत, त्यामुळे जुन्या बोर्डवाल्याने या दर्जाच्या कार्डांत आधी त्याचा विचार करावा. आणि गंमत म्हणजे, सगळ्यात महागड्या कार्डांना जुन्या स्लॉटचा त्रास सगळ्यात कमी होतो. ५०९० ला १६ लेन आहेत आणि मेमरी ३२ जीबी. त्याचा वेग ३.० वरही थोडकाच घटतो. अर्थात ३.० च्या बोर्डावर ५०९० लावणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

बोर्डावर दोन लांब स्लॉट असतील तर प्रोसेसरजवळचा वरचाच वापरा. खालच्या स्लॉटमध्ये बऱ्याचदा चारच लेनच्या पिना असतात आणि त्याही चिपसेटमार्गे फिरून येतात. काही नव्या बोर्डांवर उलटा घोळ होतो : एखाद्या विशिष्ट जागी एसएसडी लावली की ती कार्डाच्याच लेन खाते आणि १६ च्या ८ होतात. मॅन्युअलमध्ये हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

पायरी ३ : बायोस, म्हणजे डिस्प्ले येणार की नाही

भाच्याच्या एच६१ बोर्डावर मी एकदा नवं कार्ड लावलं. पंखे फिरले, लाइट लागले, स्क्रीन काळी. रॅम काढून पुसून लावली. केबल बदलली. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बदलला. शेवटी दुकानात नेलं, तर दुकानदार म्हणाला, ‘‘कार्ड डेड आहे, कंपनीकडे पाठवू.’’ कार्ड ठणठणीत होतं, मित्राच्या पीसीवर पहिल्या झटक्यात चाललं. दोष बोर्डाच्या बायोसचा होता आणि तो मी कार्ड घेण्याआधी दोन मिनिटांत ओळखू शकलो असतो.

पीसी चालू होताना स्क्रीनवर चित्र आणायचं काम विंडोजचं नसतं, कारण ती तेव्हा जागीच नसते. ते काम कार्डाच्या आतला छोटा प्रोग्राम बोर्डाच्या बायोसशी बोलून करतो. जुनी बायोस पद्धत एक आणि त्यानंतरची यूईएफआय पद्धत दुसरी. मधली काही वर्षं कार्डांना दोन्ही भाषा येत. गेल्या काही वर्षांतली बरीच कार्डं मात्र यूईएफआयच धरून चालतात. त्यामुळे २०१०-११च्या आसपासच्या, निव्वळ जुन्या बायोसच्या बोर्डावर कार्ड बसतं, वीज घेतं आणि गप्प राहतं.

आता सिस्टिम इन्फर्मेशनमधली ती ओळ काढा. बायोस मोड ‘यूईएफआय’ असेल तर बहुतेक निश्चिंत राहा. ‘लेगसी’ असेल तर दोन शक्यता. एक, बोर्डाला यूईएफआय येतं पण ते बंद करून ठेवलंय. दोन, बोर्डाला ते येतच नाही. बायोसच्या सेटिंगमध्ये ‘सीएसएम’ नावाचा, यूईएफआयवर जुनी बायोस पद्धत चालवून घेणारा पर्याय दिसला तर पहिली शक्यता, आणि मार्ग निघतो.

मार्ग असा. आधी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून सगळ्यात नवा बायोस घेऊन अपडेट करा. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड कामातून जातो, तेव्हा यूपीएसवर करा किंवा ज्या दिवशी लाइट जाण्याची भीती असते तो दिवस टाळा. मग सीएसएम बंद करा. पण थांबा, त्याआधी एक काम आहे. विंडोज लेगसी पद्धतीने टाकलेली असेल, तर सीएसएम बंद केल्यावर ती सुरूच होणार नाही, कारण तिची डिस्क जुन्या एमबीआर मांडणीत असते. ती जीपीटीत बदलावी लागते. त्यासाठी विंडोज १० आणि ११ मध्ये ‘एमबीआर-टू-जीपीटी’ नावाचं साधन आधीच दिलेलं आहे, डेटा न पुसता काम होतं. तरीही फोटो आणि कागदपत्रं आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा. हे सगळे बदल जुनं कार्ड किंवा बोर्डावरचा डिस्प्ले चालू असतानाच करा. स्क्रीन काळी पडल्यावर सेटिंग बदलायला दिसणार कसं?

हा त्रास फक्त पंधरा वर्षं जुन्या बोर्डांचाच आहे, असंही नाही. २०२५मध्ये आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय आल्यावर काही बोर्डांवर रीस्टार्ट केलं की स्क्रीन काळी राहायची. त्यासाठी एनव्हिडियाला वेगळं फर्मवेअर अपडेट काढावं लागलं. असं काही दिसलं, तर बायोसमध्ये स्लॉटचा वेग ‘ऑटो’वरून हाताने एक पायरी खाली आणून बघा, म्हणजे ४.० च्या बोर्डावर ३.०. बऱ्याचदा डिस्प्ले येतो. कार्ड लांबवर नेणारी रायझर केबल वापरत असाल आणि ती ३.० ची असेल, तर हीच सेटिंग करावी लागते.

इंटेलची आर्क कार्डं घेणाऱ्याने इथेच आणखी एक गोष्ट बघावी : रीसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय. बायोसमध्ये हा पर्याय नसेल तर आर्क चालतं, पण इतकं हळू की पैसे वाया. इंटेल स्वतःच दहाव्या पिढीच्या आधीच्या आपल्या प्रोसेसरवर आर्क वापरू नका असं सांगते.

पायरी ४ : वीज

स्लॉटमधून कार्डला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. बाकीची वीज एसएमपीएसच्या वेगळ्या केबलमधून येते : सहा पिनांची केबल ७५ वॅट, आठ पिनांची १५०. आरटीएक्स ५०५० ला १३० वॅट लागतात, ५०६० ला १४५, ९०६० एक्सटीच्या १६ जीबीच्या कार्डाला १६०. म्हणजे एक तरी आठ पिनांची केबल हवीच.

जुन्या पीसीत, त्यातही ऑफिसमधून निघालेल्या रिफर्बिश्ड डब्यांत, ती केबल नसते. मग दुकानदार साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, केबलला लावायचा एक स्वस्त अडॅप्टर पुढे करतो. तो घेऊ नका. साटाच्या कनेक्टरला १२ व्होल्टवर ५४ वॅट झेपतात, त्यावर १५० चा भार टाकला की प्लॅस्टिक वितळतं. ‘५०० वॅट’ असं मोठ्या अक्षरात छापलेल्या बिनब्रँडच्या एसएमपीएसवरही विश्वास नको. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. खरा आकडा तो.

एसएमपीएस बदलायचाच नसेल, तर बाहेरून केबल न लागणारी कार्डं आहेत. ७० वॅटचं आरटीएक्स ३०५० ६ जीबी हे त्यातलं चांगलं. ते अरुंद कॅबिनेटसाठी बुटक्या आकारातही मिळतं.

पायरी ५ : जागा, केबल, विंडोज

कॅबिनेट उघडून स्लॉटपासून समोरच्या जाळीपर्यंत टेपने मोजा आणि कार्डाच्या लांबीशी ताडून बघा. छोट्या बोर्डांवर जाड कार्ड नेमकं साटाच्या सॉकेटवर आडवं येतं, तेही बघून घ्या.

मॉनिटर व्हीजीएचा असेल तर नव्या कार्डावर ते तोंड नाही. एचडीएमआयवरून व्हीजीएवर नेणारा कन्व्हर्टर लागेल. साधी केबल चालत नाही, कारण आत चिप लागते.

विंडोज ७ वर असाल तर नव्या कार्डांचे ड्रायव्हर मिळणारच नाहीत. ३२ बिटची विंडोज असेल तरी तेच.

प्रोसेसरबद्दल एवढंच : दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय५ मध्ये एव्हीएक्स२ हा प्रोसेसरच्या आज्ञांचा संच नाही आणि काही नवे गेम त्याशिवाय उघडतच नाहीत. अशा पीसीवर महागडं कार्ड घालण्यापेक्षा तेच पैसे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅमकडे वळवलेले बरे.

पायरी ६ : बसवा आणि तपासा

पीसी बंद करा, मागची केबल काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. स्लॉटच्या टोकाची खिटी दाबून जुनं कार्ड सरळ वर उचला, नवं तसंच सरळ खाली दाबा. खिटी ‘टक्’ करून बसली पाहिजे. स्क्रू लावा, पॉवर केबल पूर्ण आत घाला. मॉनिटरची केबल कार्डावर लावा, बोर्डावर नाही. हसू नका, ‘नवं कार्ड चालत नाही’ म्हणून आलेल्या फोनांपैकी कितीतरी इथेच मिटलेत.

ड्रायव्हर टाकल्यावर ‘जीपीयू-झेड’ हा छोटा फुकट प्रोग्राम उघडा आणि ‘बस इंटरफेस’ची ओळ वाचा. तिथे आधी कार्डाची क्षमता लिहिलेली असते आणि पुढे आत्ता प्रत्यक्षात किती लेन, कुठली आवृत्ती चालू आहे ते. तिथे १.१ दिसलं तर घाबरू नका, काम नसताना कार्ड वीज वाचवायला खाली उतरतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून चाचणी चालू करा, मग खरा आकडा वर येईल. तो पहिल्या दोन पायऱ्यांत काढलेल्या हिशेबाशी जुळला पाहिजे. आठऐवजी चार किंवा एकच लेन दिसत असेल, तर पीसी बंद करून कार्ड काढा, स्लॉटमधली धूळ मऊ ब्रशने झटका, कार्डाच्या सोनेरी पिना कोरड्या कापडाने पुसा आणि खिटीचा आवाज येईपर्यंत परत दाबून बसवा.